साडेसतरा हजारांचा प्रोजेक्टर आणि मला पाठ असलेले चार सिनेमे

नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी तीन प्रोजेक्टर पाहिले आणि तिन्हींवर तेच मासे पोहत होते. निळंशार पाणी, पिवळे-नारिंगी मासे, मध्येच एखादं फूल उमलताना. असल्या चित्रांवर कुठलाही प्रोजेक्टर छानच दिसतो, कारण तो मासा मुळात कसा आहे हे आपल्याला माहीतच नसतं. मी दुकानातल्या मुलाला म्हटलं, ‘दादा, हे काढ आणि “श्यामची आई” लाव. अत्र्यांचा, जुना.’ तो माझ्याकडं बघत राहिला. नव्या मशीनवर काळापांढरा सिनेमा कुणी मागितला नसावा त्याला. पण जो सिनेमा मला पाठ आहे, त्यात चेहरा किती उजळ हवा आणि कोपऱ्यातला अंधार किती दाट हवा, हे मला कुणी सांगावं लागत नाही. तुम्हीही घ्यायला गेलात तर तुमच्या ओळखीचा सिनेमा लावायला सांगा. तिसऱ्या प्रोजेक्टरवर त्यात आई झालेल्या वनमालाबाईंचे डोळे मला दिसले, तो मी घेतला. साडेसतरा हजार.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो. खुणा सांगते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२,००० लुमेन छापलेलं असतं, तो आकडा सोडून द्या. आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत ३५० एएनएसआय लुमेन लिहिलंय, खरा उजेड तेवढाच. पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात ती ही मोजणी. ‘फोर-के चालतं’ याचा अर्थ फोर-केची फाईल ते वाचतं. भिंतीवर चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचंच पडतं. आपल्या जुन्या सिनेमांना तेवढं पुरून उरतं.

आमची मखमलाबाद शिवारात द्राक्षबाग आहे आणि घर बागेतच. माझ्या सासूबाई, त्यांना घरात सगळे बाई म्हणतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मल्टिप्लेक्सचे सरकते जिने आणि त्या अंधारातल्या पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. टीव्ही आहे, पण टीव्हीसमोर घर एकत्र बसत नाही. एक जण जेवतो, एक जण फोनवर असतो, बाई डुलक्या घेतात. मला त्यांच्या शेजारी बसून पूर्ण सिनेमा बघायचा होता. पॅकिंग शेडची पूर्वेकडची भिंत मोठी आणि मोकळी होती, म्हणून हा उद्योग.

पहिल्या संध्याकाळी निराशा झाली. दुकानात स्वच्छ दिसलेला ‘श्यामची आई’ आमच्या भिंतीवर निळसर दिसत होता. रंगीत सिनेमात असली छटा खपून जाते, काळ्यापांढऱ्यात लगेच पकडली जाते, कारण तिथं राखाडी म्हणजे राखाडीच असावा लागतो. मुलगा सेटिंगमध्ये शिरून रंग वर-खाली करत बसला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘अगं, चुन्यात नीळ टाकली होती ना गेल्या दिवाळीला.’ भिंतच निळी होती. आम्ही घाईनं मामंजींचं जुनं धोतर कपाटातून काढलं आणि दोरीवर ताणून बांधलं. चित्र एकदम ताळ्यावर आलं. धोतर पातळ, त्यामुळं पलीकडूनही सिनेमा दिसायला लागला, उलटा. बाईंनी सांगितलं की त्यांच्या माहेरी यात्रेच्या तंबूत असेच मागूनही लोक बसायचे, त्या स्वतः एकदा मागं बसल्या होत्या आणि सगळी पाटी उलटी वाचली होती. पुढं आम्ही भिंतीला साधा पांढरा मॅट रंग दिला. भिंत रंगवायचा खर्च प्रोजेक्टरच्या किमतीत धरूनच चला.

‘श्यामची आई’ १९५३चा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला सिनेमा, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तो मान पुन्हा मराठीकडं यायला पन्नास वर्षं लागली, ‘श्वास’पर्यंत. नाशिकच्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट जवळची: साने गुरुजींनी मूळ पुस्तक १९३३च्या फेब्रुवारीत इथल्याच तुरुंगात लिहिलं, पाच दिवसांत. संस्कारांचा सिनेमा म्हणून तो मुलांना दाखवतात. मला मात्र तो त्या घरावरच्या कर्जासाठी जवळचा वाटतो. ज्या वर्षी गारपिटीनं आमची बाग झोडपली, मणी फुटून वेलीवरच सडले, त्या उन्हाळ्यात वसुलीचा एक माणूस अंगणात उभा राहून मोठ्यानं बोलत होता. हे घरात नव्हते. मी दाराआड थिजले होते. बाई बाहेर आल्या, त्याला आधी तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘पैसे देऊ. आवाज चढवू नका.’ त्या दिवसापासून तो सिनेमा लागला की मला वनमालाबाईंच्या जागी आमच्या बाई दिसतात. गरिबी दाखवणारे सिनेमे पुष्कळ आहेत. गरिबीत मान ताठ ठेवायला बाईला रोज किती ताकद लागते, हे मला तिथं दिसलं.

‘भरजरी गं पितांबर’ सुरू झालं तेव्हा बाई गुणगुणायला लागल्या. डब्यातला स्पीकर पाच वॉटचा; आशाबाईंचा आवाज त्यातून डब्यात कोंडल्यासारखा येतो. खोलीत चालेल, शेडमध्ये नाही. बाहेरचा स्पीकर लागतोच.

एप्रिलच्या खरड छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळी येते. बारा-तेरा माणसं, बरोबर पोरंसोरं. दिवसभर काड्या कापायच्या, रात्री शेडच्या कडेला चुली पेटायच्या. भिंतीवर उजेड दिसल्यावर पोरं आली आणि क्रेटच्या राशीवर बसून राहिली. त्यांच्या घरची बोली वेगळी, सगळ्यात लहानग्यांना आमची मराठी नीट कळत नाही. मग ३० एप्रिलला, दादासाहेब फाळक्यांचा जन्मदिवस असतो त्या दिवशी, मी ‘कालिया मर्दन’ लावला. १९१९चा मूकपट. फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, १८७०मध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झाला, पण नंतर ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि पुढचे कितीतरी चित्रपट इथं बनले. आम्ही सहलीला पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांच्या स्मारकात जायचो, डबा खायचो, कारंजं बघायचो आणि परत यायचो. त्या माणसानं काय केलं ते मला त्या स्मारकात कधी कळलं नाही. ते या क्रेटच्या राशीवर बसून कळलं.

सिनेमाच्या सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी नुसता चेहरा दाखवते. हसते, रागावते, रुसते. सात वर्षांची पोर. कृष्ण तीच आहे. टोळीतल्या एका तेवढ्याच मुलीनं लगेच तसे चेहरे करायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. मी सांगितलं की कृष्ण झालेली ही मुलगी आहे, तर ती उठून पडद्याजवळ जाऊन बघून आली. दोन वर्षं आधी फाळक्यांच्याच ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले होते आणि सीताही तेच झाले होते. बाया कामाला मिळत नव्हत्या, तो काळ. त्या काळात स्वतःच्या लेकीला घेऊन तिच्यावर अख्खा सिनेमा उभा करायचा! कृष्ण नदीत उडी घेतो आणि पाण्याखाली कालियाशी झुंजतो तिथं पोरांनी श्वास धरला. साप त्यांना ओळखीचा आहे, बागेत रोज कुठं ना कुठं दिसतो. एका पोरानं क्रेट पालथा घालून ठेका धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. शंभर वर्षांपूर्वी आमच्याच गावात राहून एकानं केलेलं काम माझ्या अंगणात त्या पोरांपर्यंत, एक शब्द न बोलता, पोचत होतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

आता याच सिनेमानं प्रोजेक्टरचा मोठा दोष उघडा पाडला. पंखा. बोलपटात तो जाणवत नाही, मूकपटात दुसरं काही ऐकायलाच नसतं. एप्रिलच्या अखेरीला रात्री आठ वाजताही शेडमध्ये पत्रे तापलेले असतात, तेव्हा हा पंखा टेबलफॅनसारखा घोंघावतो. ऑक्टोबरात पुन्हा तोच सिनेमा लावला, आवाज बराच कमी होता. शांत जागा असलेले सिनेमे आवडत असतील तर याचा विचार करा. ‘सैराट’चा शेवट आठवा, थिएटरात आवाज पूर्ण गेला होता आणि आम्ही कुणी जागचे हललो नव्हतो. आमच्या भिंतीवर त्या जागेला पंखा येतो. मी तो सिनेमा यावर दाखवत नाही.

मांडणीचं थोडक्यात. २.७ मीटरवरून १०० इंची चित्र मिळतं. धाकट्यानं उत्साहात डबा ४ मीटरवर नेला तेव्हा चित्र १५० इंच झालं आणि फिकं पडलं. तेवढाच उजेड सव्वादोन पट जागेवर पसरतो. डबा खाली ठेवून वाकडं चित्र बटणानं सरळ करता येतं, पण कडा मऊ पडतात. आम्ही क्रेटवर क्रेट रचून तो भिंतीच्या मध्यावर आणतो. किड्यांसाठी गोठ्याजवळ एक बल्ब जळत ठेवायचा, बरेचसे तिकडं जातात. लाईट गेली तर घरातल्या इन्व्हर्टरवर सिनेमा पूर्ण होतो, शंभर वॉटच्या आत खातं हे मशीन.

‘सामना’ माझ्या वडिलांचा. जब्बार पटेलांचा, १९७५चा, तेंडुलकरांनी लिहिलेला. दादा पाटबंधारे खात्यात होते. दूरदर्शनवर तो लागला की घरात कुणी बोलायचं नाही. साखर कारखान्याचा मालक असल्यासारखा वागणारा हिंदुराव, म्हणजे निळू फुले, एका भटक्या, दारुड्या मास्तराला, म्हणजे डॉ. लागूंना, आपला कारखाना, आपला सगळा पसारा फिरून दाखवतो, तिथं दादा खुर्चीत पुढं सरकून बसायचे. लहानपणी मला वाटायचं त्यांना निळू फुले आवडतात. मोठी झाल्यावर कळलं की उसाला पाणी कुणाच्या चारीतून आधी सुटणार, यावरून असाच एक माणूस त्यांना चहाला बोलवायचा. ते जायचे, चहा प्यायचे, आणि पाळीपत्रकात, म्हणजे पाणी कुणाला कधी त्या तक्त्यात, लिहिलंय तेच करायचे. त्या बदल्यात आमच्या बदल्या. गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हे मास्तर जसं सोडत नाही, तसं काहीतरी दादा मनात धरून होते. काय, ते त्यांनी मला सांगितलं नाही, आता सांगायला ते नाहीत.

तो मी जूनमध्ये लावला, आणि ब्लूटूथ स्पीकर जोडला होता. डॉ. लागूंचे ओठ हलायचे, शब्द क्षणभरानं यायचे. गाण्यांच्या सिनेमात चालून गेलं असतं, ‘सामना’त नाही. तो सिनेमा दोन माणसांच्या बोलण्यावर उभा आहे. निळूभाऊ जेवढा आवाज खाली आणतात तेवढी भीती वाढते, आणि तो खाली आणलेला आवाज ओठांबरोबरच यायला हवा. मध्येच थांबवून मुलगा गाडीतली जुनी वायर शोधून घेऊन आला. वायर जोडल्यावर सगळं जागेवर. शंभर-दीडशे रुपयांच्या वायरीनं जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच सेटिंगनं पडलेला नाही. त्या रात्री सिनेमा संपल्यावर हे बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, ‘दादा या सिनेमाबद्दल कधी बोलले नाहीत माझ्याशी.’ माझ्याशीही नाही, मी म्हटलं.

आणि ‘किल्ला’. हा मी कितीही वेळा बघू शकते.

अविनाश अरुणचा सिनेमा, कॅमेराही त्याचाच. बर्लिनला मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं, २०१४मध्ये. आपल्याकडं थिएटरात २०१५च्या पावसाळ्यात आला. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीय, अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत, नव्या गावात. एवढीच गोष्ट. १९८७च्या जुलैत मी चौथीत असताना दादांची बदली इगतपुरीला झाली होती. शाळा सुरू होऊन महिना झालेला, बाकांवरच्या जोड्या ठरलेल्या. मी शेवटच्या बाकावर एकटी. इगतपुरीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. समोरचं घर चार-चार दिवस दिसत नाही. शाळा सुटली की मी रुळांच्या बाजूच्या कट्ट्यावर बसायचे आणि कसाऱ्याहून घाट चढून आलेल्या गाड्यांची जादा इंजिनं मोजायचे. सिनेमात मुलं चिन्मयला किल्ल्यावर पावसात सोडून निघून जातात. तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या हाताला खरंच गारठा जाणवला.

तो मी आईबरोबर पाहिला होता, नाशिकमध्येच, सकाळच्या खेळाला. अमृता सुभाषची ती आई ऑफिसातून येते, ओली छत्री ठेवते, स्वयंपाकाला लागते. मुलाला तिची चिडचिड तेवढी दिसते. सिनेमा संपला, आम्ही बाहेर आलो, आणि आई म्हणाली, ‘तिथं कपडे वाळतच नव्हते गं.’ एवढंच. दादा पावसाळ्यात रात्र-रात्र दारणा धरणावर असायचे. घरात आई, शेगडीवर धरलेली माझी ओली फ्रॉकं, आणि ओळखीचं एक माणूस नाही. ‘किल्ला’ पाहीपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षांची होईपर्यंत, मी समजत होते की इगतपुरीत एकटी मीच होते.

यंदा जुलैत शेडमध्ये तो लावला तेव्हा पत्र्यावर खरा पाऊस वाजत होता. स्पीकर पूर्ण वाढवला तरी अर्धे संवाद बुडाले. कुणाची तक्रार नव्हती, सिनेमातलाही पाऊस आणि आमचाही पाऊस, कुठला कुठला ते कळेना. रंगांच्या बाबतीत या प्रोजेक्टरनं मला इथं खूष केलं. शेवाळलेल्या दगडाचा हिरवा, भाताचा हिरवा आणि समुद्राचा तो मळकट हिरवा, तिन्ही वेगळे दिसले. रात्रीच्या दृश्यांत मात्र कमी पडतो. काळा रंग काळा होत नाही, करडा होतो, आणि कंदिलाच्या उजेडापलीकडचं सगळं एकात एक मिसळतं. ३५० लुमेनच्या मशीनकडून त्याहून जास्त अपेक्षा करू नये, पण ज्यांना रात्रीचे सिनेमे आवडतात त्यांनी घेण्याआधी हे जरूर तपासावं.

ऑगस्टमध्ये चित्रात डाव्या बाजूला वर एक धूसर डाग आला. धूळ. आतलं पॅनल थंड करायला बाहेरची हवा आत खेचली जाते आणि या किमतीच्या डब्यांत तो रस्ता बंदिस्त नसतो. आमच्याकडं तर गंधकाची भुकटी, माती, काय नाही. दुकानदारानं डबा मुंबईला पाठवला, १९ दिवसांनी परत आला. धूळ वॉरंटीत बसत नाही म्हणून ९०० रुपये घेतले आणि डाग लहान झाला, गेला नाही. मला याचा राग आला, कारण विकताना हे कुणी बोललं नव्हतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये वापरणार असाल तर हाच घ्या, पैसे वसूल आहेत. शेतात, गावात, रस्त्याच्या कडेला घर असेल तर सात-आठ हजार जास्त घालून आतून बंदिस्त असलेला घ्या, आणि दुकानात ते शब्द उच्चारून विचारा. आता मी वापर झाला की डबा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवते. फवारणीच्या दिवशी तो बाहेर काढत नाही.

डाग उजळ आभाळ असलं की दिसतो. ‘किल्ला’त चिन्मय कोळ्याच्या होडीतून समुद्रात जातो, तिथं तो नेमका वरच्या ढगांत येतो. परवा बाईंनी विचारलं, तो काळा ढग आधीपासून होता का. मी हो म्हटलं नाही, खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, पावसाचंच आभाळ आहे.